४५ डिग्रीत उंदीर कुठे असतो

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, आला की पेपरात तापमानाचा आकडा ठळक छापून येतो. ४५, ४६. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ झालं होतं, त्याची आठवण दर उन्हाळ्यात निघतेच. हा आकडा वेधशाळेतल्या पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीतला. जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, सावलीत, हवा खेळती ठेवून मोजलेला. माणसाच्या छातीच्या उंचीचं हवामान म्हणा. आता शेतातला छोटा उंदीर घ्या, मस बुडुगा, वजन १० ग्रॅमच्या आगेमागे. रात्री तो जमिनीपासून दोन बोटांवर असतो आणि दिवसा जमिनीखाली वीतभर ते हातभर. त्याच्या दृष्टीनं पेपरातला आकडा दुसऱ्याच गावचा.

गोरेवाडा, उमरेड-कऱ्हांडला, पेंच, बोर, आपल्या नागपूरच्या आजूबाजूचं सगळं जंगल उष्ण कटिबंधातलं कोरडं पानझडी. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, मधूनमधून बांबू. नकाशावर एकाच हिरव्या रंगानं भरलेलं. त्यामुळे उंदीर, घुशी, चिचुंद्र्या यांसारखे लहान सस्तन प्राणी त्यात सगळीकडे सारखेच पसरलेले असावेत असं वाटतं. तसं नसतं. मोजणीसाठी लावलेले पिंजरे नाल्याकाठच्या रांगेत भरतात आणि दोनशे मीटरवरच्या रोपवनात पाच रात्री घालवून हाती काही लागत नाही, हे सर्रास होतं. याचं कारण शोधताना लोक आधी खाण्याकडे बघतात. माझं म्हणणं, आधी आडोशाकडे बघा. खाणं महिनाभर कमी पडलं तर उंदीर वाळतो. मे महिन्याच्या दुपारी तासभर आडोसा मिळाला नाही तर मरतो.

मातीचं गणित अवघड नाही. मे महिन्यात भर दुपारी उघड्या जमिनीचा पृष्ठभाग ६० च्या वर जातो, पहाटे २८ पर्यंत उतरतो. कोरड्या मातीत दर १० सेंटीमीटरला या चढउताराचा साधारण एक तृतीयांश उरतो. वर ३४ अंशांचा फरक असेल तर १० सेंमीवर १२ च्या आसपास, २० वर साडेचार, ३० वर दीड-पावणेदोन, आणि ४० वर दिवस-रात्र एकच. म्हणून झोपायची खोली वीतभरापेक्षा खाली लागते.

पण यात एक गोम आहे. खोलीमुळे चढउतार जातो, सरासरी जात नाही. उघड्या माळावर ४० सेंमी खाली गेलात तरी तिथे त्या उघड्या पृष्ठभागाचीच सरासरी मिळणार, म्हणजे ३८-४० च्या घरात. जिथे वर झाडाची सावली आणि चार बोटं पाचोळा आहे तिथे पृष्ठभागच ४५ च्या पुढे जात नाही, म्हणून त्याच खोलीवर ३४-३५ मिळतात. पाच अंशांचा हा फरक लहान प्राण्याला जगणं आणि मरणं यांतला असतो, कारण उंदराच्या शरीराचं तापमान ४२ च्या पलीकडे गेलं की खेळ संपला. तेव्हा बीळ किती खोल आहे याच्याइतकंच ते कशाखाली आहे हेही लिहून ठेवा. बिळांची खोली मोजणारे बरेच भेटतात, वरची सावली मोजणारे थोडे.

दुसरी गोष्ट पाण्याची. इथे कूलरचं उदाहरण नागपूरकराला पटकन पटेल. वाळ्याचा कूलर मेमध्ये झकास चालतो आणि जुलैत नुसतं ओलं वारं फेकतो, कारण कोरडी हवा पाणी ओढून घेते. हीच ओढ उंदराच्या श्वासावर असते. ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेत बाष्पदाबाची तूट, म्हणजे हवा अजून किती वाफ सामावू शकते त्याचं माप, सुमारे ७ किलोपास्कल निघते. बिळात ३३ अंश आणि ८० टक्के धरली तर ती १ किलोपास्कलवर येते. हवेची पाणी ओढायची ताकद बाहेर सातपट. उंदराला घाम येत नाही, फार तापलं तर तो लाळ अंगाला चाटून गार होतो, आणि लाळ म्हणजे पुन्हा पाणीच. १० ग्रॅमच्या प्राण्यात ते किती असणार?

म्हणून बिळाचं तोंड बंद करणारे जिंकतात. छोटी घूस, बँडिकोटा बेंगालेन्सिस, आतून भुसभुशीत माती लोटून तोंड बुजवते. बाहेर ताज्या मातीचा ढीग आणि आत बूच, की घर वापरात आहे समजा. ते बूच सकाळी बोटानं काढून ठेवा. प्राणी आत असेल तर बहुधा दुसऱ्या सकाळी पुन्हा लागलेलं दिसतं. बिळांची शिरगणती करायला यापेक्षा स्वस्त पद्धत नाही. जर्बिल, टाटेरा इंडिका, कोरड्या भुसभुशीत जमिनीचा राजा. त्याची लघवी अतिशय दाट, बियांवर आणि किड्यांवर भागवतो, पाणवठ्याची वाट बघत नाही. वन्यप्राण्यांसाठी उन्हाळ्यात टँकरनं पाणवठे भरतात, त्याचा या मंडळींना फारसा उपयोग नाही. उलट तिथे येणारं रानमांजर आणि साप त्यांच्या डोक्यावर बसतात.

आता जमिनीबद्दल. नागपूर दोन खडकांच्या मोठ्या सांध्यावर बसलंय. पश्चिमेकडे बेसाल्ट, पूर्वेकडे ग्नाइस. गिट्टीखदान हे नावच खडकावरून पडलेलं. बेसाल्टवर खोलगट भागात काळी कपाशीची माती आणि चढावर मुरमाड बरड. काळी माती उन्हाळ्यात आकसून भेगाळते, हाताचा पंजा जाईल एवढी रुंद आणि हातभर तरी खोल. मऊ केसांचा शेतउंदीर, मिलार्डिया मेल्टाडा, स्वतः फार खणत नाही. भेगा म्हणजे त्याला आयतं घर. मार्च ते मे तो भेगांत मजेत असतो. मग मृगाच्या पहिल्या दोन-तीन दमदार सरींत चिकणमाती फुगते, भेगा मिटतात, पाणी भरतं. ज्याला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पळता आलं तो वाचला, पिल्लं बहुतेक जातात. जूनअखेर काळ्या मातीतली संख्या कोसळते ती विषामुळं किंवा सापांमुळं, असं लोक सांगतात. मुख्य हात मातीचाच. जंगलाला लागून असलेल्या शेतांत ही पळापळ थेट जंगलाच्या कडेला येते, म्हणून जुलैत जंगलाच्या कडेला लावलेल्या पिंजऱ्यात शेतातला प्राणी सापडला तर ‘जंगलातली संख्या वाढली’ असं लिहू नका.

बरडावरचा प्रकार वेगळा. मस प्लॅटिथ्रिक्स हा चपट्या केसांचा उंदीर मुरमात बीळ करतो आणि तोंडाशी छोटे खडे रचतो, आतल्या खोलीतही खड्यांची फरसबंदी असते. खडे हरभऱ्यापासून बोराएवढे, बऱ्यापैकी एकसारखे निवडलेले. मुरमात चालताना असा निवडक खड्यांचा पसाभर ढीग दिसला, आजूबाजूला मात्र सगळ्या मापांचे दगड मिसळलेले, की समजावं. पायानं उडवू नका. फोटो काढायचीही गरज नाही, फक्त जीपीएस घ्या.

दगडांच्या राशीत मड्रोमिस ब्लॅनफोर्डी, शेपटीचं टोक पांढरं असलेला रानउंदीर. मोठ्या दगडांच्या फटीत आत वाऱ्याला वाव, ऊन नाही, आणि हिवाळ्यात दगड दिवसाची ऊब रात्रीपर्यंत धरून ठेवतो. अशाच दगड-झुडपांत दिवसा हिंडणारी मद्रास ट्री श्रू, अनाथना एलिओटी, बघायला मिळू शकते. खारीसारखी दिसते, नाक लांबुळकं, पाठीवर पट्टे नाहीत. ती दिवसाची असल्यानं तिचं सगळं वेळापत्रक सावलीवर चालतं, आणि रात्रीचे पिंजरे तिला कधीच पकडत नाहीत. ती ‘नाही’ असं ठरवायच्या आधी पिंजरे दिवसा उघडे होते का हे बघा. जाता जाता, हिच्या आणि झुडपी उंदीर गोलुंडा एलिओटीच्या नावात एकच एलिओट आहे. मद्रासेतला मुलकी अधिकारी वॉल्टर एलिओट.

मला सगळ्यात जास्त वेळ नाल्यावर घालवायला आवडतो. कोरड्या पानझडी जंगलात नाल्याचा पट्टा दहा-पंधरा मीटरचाच, पण जांभूळ, अर्जुन, करंज, उंबर यांची पानं मेमध्येही टिकून असतात. साग मात्र हिवाळ्यातच पानं टाकायला लागतो आणि नेमका सावलीची गरज असते तेव्हा उघडा पडतो. नाल्यातली वाळू वरून कोरडी, वीतभर खाली ओली. झाडांची मुळं काठाला धरून ठेवतात, त्यांच्या मागे पोकळ्या. बाष्पीभवनामुळे हवा गार, आणि दोन्ही काठांमुळे वारा कमी. मेच्या दुपारी वरच्या सपाटीपेक्षा इथे जमिनीलगत बरेच अंश कमी मिळतात. म्हणून उन्हाळ्यात सगळी गर्दी इथे.

इतकं सांगून झालं की लोक ‘नाला म्हणजे उत्तम अधिवास’ असं लिहून मोकळे होतात. डिसेंबरमध्ये या. निरभ्र रात्री जमीन आकाशाकडे उष्णता सोडते, जवळची हवा गार होऊन जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून नाल्यात येऊन साठते. पहाटे नाल्याच्या तळाशी उतारापेक्षा तीन-चार अंश कमी, गवतावर दव गच्च. १० ग्रॅमच्या प्राण्याला रात्रभर अंग गरम ठेवायला जास्त खावं लागतं, आणि दवानं केस ओले झाले तर आणखी. त्या दिवसांत बघाल तर गर्दी मधल्या उतारावर सरकलेली, दक्षिणेकडे तोंड असलेल्या दगडांत आणि गवतात. आणि ऑगस्टमध्ये तोच नाला दुथडी वाहतो. एका प्राण्याला वर्षात तीन पत्ते लागतात, उन्हाळ्याचा, पावसाळ्याचा, हिवाळ्याचा, आणि तिन्ही त्याच्या रात्रीच्या चालीच्या आत हवेत. लहान उंदरासाठी ती चाल शंभर मीटरांच्या आतलीच. दोन पत्त्यांच्या मधे रुंद रस्ता आला, किंवा बुडापर्यंत चरलेलं मैदान आलं, की तीनपैकी एक पत्ता निकामी. मग नुसता नाला वाचवून काही होत नाही.

बांबूचं बेट म्हणजे लहान इमारत. बुडाशी मातीचा उंचवटा, त्यात मुळांची जाळी, बेटाच्या मधे अडकलेला पाचोळा, आणि वर पोकळ सुकलेले बांबू. लांब शेपटीचा झाडउंदीर, व्हँडेल्युरिया, अशा पोकळीत किंवा ढोलीत घरटं करतो. पायाची पहिली आणि शेवटची बोटं समोर वळतात, शेपटीनं काडी धरतो. जमिनीवरच्या पिंजऱ्यात तो क्वचितच येतो, पिंजरा दीड-दोन मीटरवर आडव्या बांबूला सुतळीनं बांधावा लागतो. सुकलेले बांबू काढून बेट अगदी झाडूनपुसून साफ केलं की हा भाडेकरू गेला. सागाच्या रोपवनाचं दुखणं उलटं. पान मोठं, त्यावर थेंब जमून मोठा होऊन पडतो आणि खालची माती उडते. खाली झुडुप विरळ. सागाचा पाचोळा दिसायला ढीगभर, पण पानं वाटीसारखी वळतात, त्यात उष्णता अडवायची ताकद कमी आणि आवाज भलताच. घुबडाला ऐकून शिकार करायला तो उत्तम. रायमुनियाच्या, म्हणजे घाणेरीच्या, जाळीला सगळे शिव्या देतात. घुबडापासून लपायला ती चांगली आहे हे मान्य करावं लागतं, पण तिच्याखाली गवत मरतं आणि बियांवर जगणाऱ्यांचं ताट रिकामं होतं. झुडपी उंदीर तर गवताचाच. गवतात बोगद्यासारख्या वाटा करतो, गवताचाच गोळा बांधून राहतो. कुसळीचं गवत गुडघ्याखाली चरून संपलं की तो दिसेनासा होतो, बाकी जंगल कितीही दाट असो.

आगीचं. आपल्याकडे वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतो, त्याआधी जाळरेषा, म्हणजे आग अडवायला साफ केलेले पट्टे, मारून घेतात. बऱ्याच आगी मोहाखालून सुरू होतात. फुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे टपकतात, पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून वेचण्याआधी झाडाखालचा पाला जाळला जातो आणि वारा आला की आग निघून जाते. पाचोळ्याची आग मिनिटांत पुढे सरकते. पाच-सात सेंमी खाली मातीला तिची फारशी झळ पोहोचत नाही, बिळातला प्राणी बहुधा वाचतो. गवताच्या गोळ्यात राहणारा जातो. खरा मार नंतरचा आहे. पाचोळा गेल्यावर काळी उघडी जमीन उरते, ती ऊन जास्त शोषते, वर सांगितलेली ‘सरासरी’ चढते, आणि ३४ ची खोली ३८ ची होते. बिया जळालेल्या. रात्री उघड्यावर धावावं लागतं. हे सगळं मे महिन्याच्या तोंडावर. मोहाखाली चार काठ्यांना हिरवी जाळी बांधली तर जाळायची गरजच राहत नाही, फुलंही माती न लागता मिळतात आणि भाव बरा येतो.

संख्या वर्षभरात कशी हलते ते थोडक्यात. पाऊस पडला की लगेच उंदीर वाढत नाहीत. पाऊस, मग गवत, मग सप्टेंबर-ऑक्टोबरात बी. गर्भकाळ तीन आठवड्यांचा, त्यामुळे वीण जोर धरली की वाढ झपाट्यानं होते आणि पिंजऱ्यात पिल्लावळ ऑक्टोबरपासून दिसू लागते. ऑक्टोबर ते जानेवारी भरती, मेपासून जुलैपर्यंत ओहोटी. त्यात सोयाबीन निघालं की शेतातले प्राणी तुरीत आणि जंगलाच्या कडेला सरकतात.

आता मोजणी. परवानगीपासून सुरू. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये उंदीर पूर्वी उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होते. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि ती अनुसूचीच गेली. ‘उंदीरच तर आहेत’ म्हणून जंगलात पिंजरे लावता येत नाहीत, वनविभागाचं लेखी पत्र खिशात हवं.

पिंजरा घडीचा ॲल्युमिनियमचा शर्मन, साधारण ८ × ९ × २३ सेंमीचा. घुशीसाठी मोठा जाळीचा. आतली पट्टी हलकी बसलीय का हे बघायला दहा रुपयांचं नाणं ठेवा. पावणेआठ ग्रॅमच्या आसपास असतं. नाण्यानं दार पडलं तर १० ग्रॅमचा उंदीर सुटणार नाही. मुरमाची धूळ बिजागरीत बसते, तेव्हा रोज ब्रशनं साफ करा आणि तेल घालू नका, वास धरतो. आमिष म्हणजे भाजलेल्या शेंगदाण्याचा जाड कूट, ज्वारीचं पीठ, थोडा गूळ, एकत्र मळून बोराएवढी गोळी. चिचुंद्रीसाठी चिमूटभर सुकट. गूळ जास्त झाला की मुंगळे येतात, आणि अडकलेल्या लहान प्राण्याला मुंगळे जिवंत खातात. मुंगळ्यांची रांग दिसली तर पिंजरा दोन मीटर सरकवा. मुंग्यांचा खडू ओढू नका. पिंजरा डगमगता ठेवू नका, ओंडक्याच्या किंवा दगडाच्या अंगाला लावून ठेवा, उंदीर कडेकडेनं चालतो.

वेळ सगळ्यात महत्त्वाची. मेमध्ये सूर्य उगवायच्या आत फेरी सुरू, साडेसहापर्यंत सगळे बंद. ॲल्युमिनियमच्या डब्यावर कोवळं ऊन आलं तरी आत झपाट्यानं तापतं, आणि चुकून राहिलेला एक पिंजरा म्हणजे एक मेलेला प्राणी. प्रत्येकावर क्रमांक, जवळच्या फांदीला रंगीत फीत, आणि बंद करताना वहीत खूण. क्रमांक जुळल्याशिवाय जागा सोडायची नाही. हिवाळ्यात आत मूठभर वाळलेलं गवत. कापूस नको, तंतू पायात गुंडाळतात. चिचुंद्र्या मिळत असतील तर रात्रीतही एक फेरी हवी, त्या काही तास उपाशी राहिल्या तरी मरतात. पौर्णिमेच्या आगेमागे उंदीर उघड्यावर कमी येतात, म्हणून सगळी सत्रं एकाच तिथीच्या आसपास घ्या.

७ × ७ पिंजऱ्यांची चौकट, १० मीटर अंतर, हे पुस्तकी. आपल्या जंगलात ती चौकट नाला, उतार, सपाटी तिन्हींवर पडते आणि सरासरी काहीच सांगत नाही. नाल्याला समांतर दोन रांगा, उताराला दोन, सपाटीला दोन, प्रत्येकी २५ पिंजरे, पाच रात्री, हे बरं. हिशेबात बंद पडलेले पिंजरे वजा करा. ४९ पिंजरे पाच रात्री म्हणजे २४५ पिंजरा-रात्री. १२ प्राणी मिळाले, १८ दारं रिकामीच पडली, एकूण ३० बंद. प्रत्येकी अर्धी रात्र धरून १५ वजा, उरल्या २३०. १२ भागिले २३० म्हणजे शंभराला ५.२. वजा न करता ४.९ येतात, आणि वानरांनी जास्त दारं पाडली त्या आठवड्यात हा फरक मोठा होतो.

पण या टक्केवारीवर फार विसंबू नका. मेमध्ये जंगलात खायला नसतं, शेंगदाण्याचा वास भुकेल्याला ओढतो आणि मोजके प्राणी असूनही पिंजरे भरतात. ऑक्टोबरात सगळीकडे बी पडलेलं, भरपूर प्राणी असून गोळीकडे ढुंकून बघत नाहीत. नुसती टक्केवारी लावली तर आलेख उलटाच येईल. म्हणून खूण करून सोडा आणि पुन्हा पकडा. पाच रात्रींसाठी कंबरेवरचे केस कात्रीनं ठरावीक जागी कापले तरी पुरतं. समजा आधी १४ ना खूण केली, नंतर १२ मिळाले, त्यांतले ६ खुणेचे. प्रत्येक आकड्यात एक मिळवा, १५ गुणिले १३, भागिले ७, वजा १, म्हणजे २७ च्या आसपास. हा चॅपमनचा सुधारलेला हिशेब, लहान संख्येला साध्या सूत्रापेक्षा बरा.

हातमोजे आणि पूर्ण बाह्या यावर तडजोड नको. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात स्क्रब टायफस या तापाचे रुग्ण बरेच निघाले होते. त्याचा जंतू माईट या गोचिडीसारख्या बारीक जीवाच्या पिल्लांतून, म्हणजे चिगरमधून, येतो, आणि ती पिल्लं ओलसर झुडुप-गवतात उंदरांवरच पोसतात. म्हणजे ज्या सूक्ष्म हवामानात उंदीर, तिथेच तीही. गवतात बसायचं नाही, घरी येऊन कपडे गरम पाण्यात, आणि आठवडा-दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला जंगलात गेल्याचं आधी सांगायचं.

पिंजऱ्यांची ऐपत नसेल तर गव्हाणी घुबडानं बसायच्या जागेखाली ओकलेले हाडं-केसांचे गोळे गोळा करा. कोमट पाण्यात भिजवून चिमट्यानं सोडवले की जबडे मिळतात. पुढचे दात आणि दाढा यांच्यात मोकळी जागा असेल तर उंदीर, दातांची अखंड टोकदार रांग असेल तर चिचुंद्री. वरच्या पुढच्या दातावर उभी खोबण दिसली तर जर्बिल किंवा झुडपी उंदीर.

आडोसा मोजायला महागडं काही लागत नाही. बटणाएवढा, १७ मिलिमीटरचा तापमान लॉगर २०४८ नोंदी साठवतो, अर्ध्या तासाला एक धरली तर ४२ दिवस. एक बिळाच्या तोंडातून हातभर आत काडीला बांधून, एक पाचोळ्याखाली, एक दोन सेंमी उंचीवर. उघड्यावरचा लॉगर उन्हात ठेवला तर तो हवेचं नाही, स्वतःच्या पत्र्याचं तापमान सांगतो. दोन पांढऱ्या प्लास्टिकच्या वाट्या मधे बोटभर फट ठेवून एकावर एक उपड्या टांगा आणि त्याखाली तो लावा. शिवाय प्रत्येक पिंजऱ्याजवळ पाच ठिकाणी पट्टीनं पाचोळ्याची जाडी, सावली कळायला वर मोबाईल धरून एक आभाळाचा फोटो, आणि मातीचा टणकपणा कळायला ८ मिलिमीटरची सळई एकाच माणसानं दाबून किती सेंमी गेली ते. सळई दरवेळी वेगळ्या माणसानं दाबली तर आकड्यांना अर्थ राहत नाही.

सत्रं तीन पुरतात. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा, जानेवारी, आणि मेचा पहिला आठवडा. लॉगर एप्रिलअखेर लावले तर नवतपा पूर्ण मिळतो. नाल्यातले मात्र मृग लागायच्या आत काढून आणा, पहिल्या पुरात बिळासकट जातात.